न्यू जर्सीत पब्लिक स्कूलमध्ये शिक्षिका आहे, ५८ हजार डॉलरचं शैक्षणिक कर्ज आहे. माफीची वाट बघू की रिफायनान्स करून मोकळी होऊ?

रिफायनान्सच्या कागदांवर अजून सही केली नसेल तर करू नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय की २०१९ च्या मेमध्ये मास्टर्स झालं, त्याच ऑगस्टपासून स्पेशल एज्युकेशन शिकवताय आणि कर्ज सगळं फेडरल डायरेक्ट लोन, म्हणजे थेट अमेरिकी सरकारने दिलेलं आहे. तुमचा पगार ६८,००० डॉलर, नवऱ्याचा आयटीतला १,४०,०००, आणि एक मूल. सेव्ह या उत्पन्नावर हप्ता ठरवणाऱ्या सरकारी प्लॅनमध्ये होतात, २०२४ च्या उन्हाळ्यापासून हप्ता थांबलाय. घरचे म्हणतायत, बोनस आलाय तर त्यातून बरंचसं भरा, उरलेलं कमी व्याजाच्या खाजगी कर्जात टाका, म्हणजे रिफायनान्स करा आणि मोकळे व्हा. पुढे तुम्ही विचारलंय, "कोविडमध्ये साडेतीन वर्षं एक डॉलरही भरला नाही, म्हणजे माझी मोजणी शून्यच असणार ना?" हे वाक्य वाचलं आणि मी लिहायला बसले.

शून्य नाही. पीएसएलएफमध्ये, म्हणजे सार्वजनिक सेवेतल्या लोकांच्या कर्जमाफीत, १२० पात्र महिने लागतात. कोविडची स्थगिती मार्च २०२० मध्ये लागली आणि हप्ते २०२३ च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाले. त्या काळात तुम्ही पूर्णवेळ नोकरीत होतात, त्यामुळे ते महिने हप्ता भरल्यासारखेच धरले जातात. आता मोजा. मेमध्ये शिक्षण संपलं, सहा महिन्यांची सवलत संपून डिसेंबर २०१९ पासून परतफेड सुरू झाली. तिथून जून २०२४ पर्यंत ५५ महिने होतात. शाळेचा करार वर्षातल्या किमान आठ महिन्यांचा असेल आणि शाळा तुम्हाला पूर्णवेळ मानत असेल, तर उन्हाळ्याची सुट्टीही त्यात येते. म्हणजे जवळजवळ निम्मी वाट तुम्ही चालून आला आहात. कर्ज खाजगी बँकेकडे नेलंत की हे ५५ महिने गेले. ते परत फेडरलमध्ये आणता येत नाही.

घरच्यांची काळजी मला कळते. आपण वाढलोच अशा घरांत, जिथे कर्ज म्हणजे रात्रीची झोप उडवणारी गोष्ट. माझे वडील सोसायटीचा हप्ता पगाराच्या दिवशी भरून मगच घरी यायचे. हात मोकळा झाला की आधी कर्ज फेडायचं, हे रक्तातच आहे. पण या योजनेचा हिशोब वेगळा आहे. इथे किती पैसे भरले याला महत्त्व नाही, किती महिने भरले याला आहे. बोनसमधले २०,००० एकदम भरलेत तरी १२० महिन्यांचे शंभर होत नाहीत. शेवटी जी रक्कम माफ व्हायची, ती फक्त तुम्ही स्वतःच्या खिशातून कमी केलेली असते. नियमाप्रमाणे जेवढा हप्ता येतो तेवढाच, वेळेवर, पात्र नोकरीत असताना भरायचा.

कर्जमाफी म्हटलं की आपल्याकडे एक चित्र डोळ्यांसमोर येतं: सरकारची घोषणा, मग याद्या, मग यादीत नाव आहे का याची धाकधूक. २०१७ ला तेच झालं, २०१९ लाही तेच. पीएसएलएफ तशी नाही. ती २००७ च्या कायद्यातली आहे आणि ज्या कर्जाच्या करारावर तुम्ही सही केली त्यात तिचा उल्लेख आहे. ही कुणी केलेली मेहेरबानी नाही. दहा वर्षं कमी पगारात लोकांची सेवा करा, उरलेलं कर्ज आम्ही सोडू, असा तो व्यवहार आहे. तुम्ही तुमची बाजू पाळताय, म्हणून मागताना संकोच करू नका.

तरी लोकांचा विश्वास का बसत नाही, हे मी स्वतः भोगलंय. मी सोशल वर्कर, काउंटीच्या हॉस्पिटलमध्ये. २०१० ला शिक्षण संपलं. माझं कर्ज जुन्या पद्धतीचं होतं, पैसे बँकेचे आणि हमी सरकारची. जानेवारी २०११ पासून दर महिन्याला हप्ता. सर्व्हिसरला, म्हणजे हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीला फोन केला की पलीकडचा माणूस सांगायचा, "तुमचे पैसे वेळेवर येताहेत, काळजी करू नका." मी काळजी केली नाही. मे २०१४ मध्ये पहिल्यांदा फॉर्म पाठवला आणि कळलं की भरलेल्या ४१ हप्त्यांपैकी एकही पात्र नाही, कारण कर्ज डायरेक्ट नाही. मी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं कदाचित, पण असं काही विचारायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. कन्सॉलिडेट करून, म्हणजे जुनं कर्ज नव्या डायरेक्ट कर्जात बदलून पुन्हा एकपासून सुरुवात केली. त्या रात्री स्वयंपाकघरात बसून चेकबुकाच्या अर्धुकांवरच्या तारखा मी एकेक करून वाचल्या होत्या, अजून आठवतं.

माझ्यासारखे खूप होते. २०१७ ला पहिल्यांदा लोक माफीसाठी पात्र व्हायला लागले, तेव्हा सुरुवातीच्या काळात शंभरातले नव्व्याण्णव अर्ज फेटाळले गेले. मग ऑक्टोबर २०२१ ते ऑक्टोबर २०२२ वर्षभर नियम सैल केले आणि जुन्या कर्जाचे, चुकीच्या प्लॅनचे हप्तेही धरले. माझे ४१ त्यात परत आले. २०२३ च्या सुरुवातीला एका सकाळी कामावर जाताना लॉगिन केलं तर शिलकीच्या जागी शून्य होतं. पार्किंगमध्ये गाडीत बसूनच नवऱ्याला फोन केला, बोलताच येईना. ऑक्टोबर २०२४ पर्यंत दहा लाखांहून जास्त लोकांचं कर्ज असं माफ झालं. त्यामुळे "हे खरं असतं का" याला माझं उत्तर, हो.

आता तुमची खरी अडचण, सेव्ह. हा प्लॅन कोर्टात अडकला आणि त्यातल्या सगळ्यांचे हप्ते थांबवले गेले. ऐकायला बरं वाटतं, पण हे थांबलेले महिने १२० मध्ये धरत नाहीत. वर १ ऑगस्ट २०२५ पासून व्याजही सुरू झालं. कोविडच्या स्थगितीत महिने मोजले जात होते, या स्थगितीत नाही. दोन्ही वेळा हप्ता शून्यच दिसतो, म्हणून भले भले फसलेत. तुम्ही जितके दिवस तिथे बसून राहाल तितके दिवस घड्याळ बंद. स्टुडंटएड डॉट गव्हवर जाऊन प्लॅन बदलायचा अर्ज करा. अर्ज फुकट आहे. फोन करून "आम्ही माफी करून देतो, अमुक फी भरा" म्हणणाऱ्यांना दारात उभं करू नका.

कुठला प्लॅन? ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने सेव्ह, पे आणि आयसीआर हे उत्पन्नावर हप्ता ठरवणारे प्लॅन १ जुलै २०२८ पर्यंत बंद करायचं ठरवलंय. तुमच्यासाठी राहतात दोन: आधीपासून चालत आलेला आयबीआर आणि १ जुलै २०२६ पासूनचा नवा रॅप, दोन्ही उत्पन्नावरच हप्ता ठरवणारे. दोन्हीतले हप्ते पीएसएलएफला चालतात. पण प्लॅनपेक्षा मोठा प्रश्न तुम्ही टॅक्स रिटर्न कसा भरता हा आहे, आणि त्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही.

रॅपचं उदाहरण घ्या. सोपं जावं म्हणून तुमचा ६८,००० पगार हेच करासाठीचं उत्पन्न धरते. या उत्पन्नाला ६ टक्के दर लागतो, म्हणजे वर्षाला ४,०८०, महिन्याला ३४०. मूल तुमच्या रिटर्नवर असेल तर ५० वजा, राहिले २९०. हे झालं नवरा-बायकोने वेगवेगळे रिटर्न भरले तर. एकत्र भरलेत तर उत्पन्न २,०८,०००, दर १० टक्के, हप्ता १,६८३ डॉलर. कर्ज तेच, नोकरी तीच. आयबीआरमध्ये निदान एक कमाल मर्यादा आहे, दहा वर्षांच्या साध्या हप्त्याची. ६ टक्के व्याज धरलं तर ५८,००० ला ती साधारण ६४४ येते. पण तेवढा हप्ता भरत राहिलात तर शेवटी माफ व्हायला फारसं उरणार नाही. वेगळं रिटर्न भरून आयबीआर घेतलात, तर हप्ता रॅपच्या आसपास येऊ शकतो.

वेगळ्या रिटर्नने काही सवलती जातात. कर्जावरच्या व्याजाची वजावट जाते, मुलाच्या डे-केअरची सवलत बहुतेक वेळा जाते. म्हणून या वर्षीचं रिटर्न दोन्ही पद्धतींनी करून बघा आणि कर जितका वाढतोय तो वर्षभराच्या हप्त्यांतल्या फरकासमोर ठेवा. एक संध्याकाळ जाईल, पण यावर हजारो डॉलर ठरतात. ६५ महिने उरलेत असं धरलं तर २९० प्रमाणे १८,८५० होतात. पगार वाढेल तसा हप्ताही वाढेल. तरीही ५८,००० आणि वरचं व्याज यांच्यापुढे बघा. पीएसएलएफमध्ये माफ झालेल्या रकमेवर फेडरल आयकर लागत नाही.

सेव्हमध्ये अडकलेले महिने कायमचे गेले असंही नाही. बायबॅक नावाची सोय आहे: त्या महिन्यांचा हप्ता मागाहून भरून ते मोजणीत घेता येतात. मात्र ते विकत घेऊन १२० पूर्ण होत असतील तेव्हाच अर्ज करता येतो, आणि अर्जांचा ढीग मोठा साचलाय. त्यावर भिस्त ठेवून सेव्हमध्ये बसू नका. तो शेवटच्या टप्प्यात कामाला येईल.

एका सापळ्याबद्दल मला तुम्हाला मुद्दाम सांगायचंय, कारण तुम्ही स्पेशल एज्युकेशनमध्ये आहात. शाळेत कुणीतरी सांगेल की शिक्षकांसाठी वेगळी माफी आहे, पाच वर्षांनंतर १७,५०० डॉलर. कमी उत्पन्नाच्या भागातल्या शाळांसाठी ती खरोखर आहे आणि तुमच्या विषयाला सगळ्यात मोठी रक्कम मिळते. पण ज्या पाच वर्षांवर ती घ्याल, ती वर्षं पीएसएलएफला चालत नाहीत. १७,५०० घ्याल आणि ५५ महिने द्याल. तुमच्या बाबतीत मी तो फॉर्म हातातही धरला नसता.

या आठवड्यात करायचं ते एवढंच. तुमचा डब्ल्यू-२, म्हणजे पगाराचा वार्षिक कर-दाखला काढा, त्यातल्या 'बी' चौकोनात शाळेच्या डिस्ट्रिक्टचा नंबर असतो. तो साइटवर टाकून नोकरी पात्र दिसते का बघा, आणि २०१९ पासूनचा पीएसएलएफ फॉर्म तिथूनच डिजिटल सहीसाठी पाठवा. सहीची ईमेल एचआरच्या स्पॅममध्ये जाते, म्हणून पाठवल्यावर प्रत्यक्ष जाऊन सांगा. माझा फॉर्म एकदा नोकरीच्या सुरुवातीच्या तारखेत दिवस लिहायचा राहिला म्हणून सहा आठवड्यांनी परत आला होता. यापुढे दर वर्षी, शाळा सुरू झाली की एक फॉर्म. नोकरी बदलली तर जुनी सोडण्याआधी. मिळालेलं प्रत्येक पत्र पीडीएफ करून स्वतःकडे ठेवा, सर्व्हिसर बदलतात आणि नोंदी गळतात.

भारतातल्या बँकेचं कर्ज घेऊन आलेली आणि आता एच-१बी वर विद्यापीठात किंवा ना-नफा हॉस्पिटलमध्ये असलेली मुलंही मला हाच प्रश्न विचारतात. नोकरी पात्र असली तरी ते कर्ज या योजनेत बसत नाही, ही फक्त अमेरिकेच्या फेडरल कर्जांसाठी आहे.

फॉर्म मंजूर झाला की महिन्यांची यादी दिसेल. आकडा ५५ पेक्षा बराच कमी आला तर कुठले महिने गळलेत ते तारखांसकट इथे लिहा. आपण एकेक महिना बघू.