साडेतीन महिन्यांच्या लेकीची सर्दी: नाक मोकळं ठेव, श्वास मोज

अगं, आधी घाबरू नकोस. लेक साडेतीन महिन्यांची, आज चौथा दिवस, नाकातून पाणी, अधूनमधून शिंका, ताप नाही, अंगावर पिते पण मध्येच सोडून रडते, रात्री घुरघुर. तू लिहिलंयस त्यावरून मला तरी ही साधी सर्दीच वाटतेय. मी डॉक्टर नाही. दोन मुलं माझी आणि बहिणीची-नणंदेची मिळून आणखी चार, एवढ्यांची नाकं पुसली आहेत. त्यातून जे कळलं आणि आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी ओरडून ओरडून जे शिकवलं, ते सांगते.

दूध सोडून रडण्याचं आधी. एवढी लहान बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात, तोंडाने घ्यायचं त्यांना नीटसं जमत नाही. आता तोंडात स्तन आणि नाक चोंदलेलं, मग बिचारी करणार काय? दोन घोट ओढते, जीव घाबरतो, सोडते, भूक तशीच राहते म्हणून चिडते. दूध नको झालेलं नसतं. म्हणून पाजायच्या दहा मिनिटं आधी नाक साफ करायचं. सर्दीवरचा सगळ्यात मोठा उपाय हाच, आणि तोच करायचा लोक कंटाळा करतात.

केमिस्टकडे नाकात घालायचे सलाईनचे थेंब मिळतात, म्हणजे नुसतं मिठाचं पाणी, ०.६५ टक्क्यांचं. पण बाटली हातात घेऊन वाच. माझ्या धाकट्याच्या वेळी दुकानदाराने घाईत बाटली दिली, मी पिशवीत टाकली, घरी आले. रात्री थेंब घालायला बसले आणि सहज चष्मा लावून पाहिलं तर घटकांमध्ये ऑक्सिमेटाझोलीन! नाव तेच, बाटलीचा रंगही जवळपास तोच, फरक काय तो खालच्या बारीक अक्षरांत. ते मोठ्यांचं नाक मोकळं करायचं औषध. तान्ह्याच्या पोटात गेलं तर बाळ सुस्त होतं, हृदयाचे ठोके मंदावू शकतात. तेव्हापासून माझा नियम: घटकांत सोडियम क्लोराईड हवं, आणि 'झोलीन'ने संपणारं काहीही दिसलं की बाटली परत.

आता घालायचे कसे. लेकीला मऊ दुपट्यात हातांसकट गुंडाळ, नाहीतर ती नेमका तुझा हात ढकलेल. मांडीवर आडवी घे, डोकं किंचित मागे. एकेका नाकपुडीत एक-दोन थेंब. ती ओरडेल, ओरडू दे. मिनिटभर थांब, शेंबूड सैल होऊ दे. बऱ्याचदा एक जोरदार शिंक येते आणि तिथेच काम होतं. नाही झालं तर रबरी फुग्याचा पंप असतो ना, तो *आधी दाबायचा*, मग टोक नाकपुडीच्या तोंडाशी टेकवायचं आणि हळूच सोडायचा. नाकात घालून दाबलास तर हवा आत जाते, मी पहिल्या खेपेला हेच केलं होतं. आत खुपसायचं नाही. दिवसातून तीन-चार वेळा पुरे, जास्त ओढलंस तर नाक आतून सुजतं आणि आणखी चोंदतं. आणि ते कापसाचे बड नाकात फिरवणं बंद कर.

पाजताना थोडं उभं धर, कमी कमी पण जास्त वेळा पाज. दिवसाला सहा तरी लंगोट ओले होत असतील तर पोटात पुरेसं जातंय. वरचं पाणी द्यायचं नाही, सहा महिन्यांच्या आत अंगावरच्या दुधातच पाणी आहे. आणि तू केळं खाल्लंस, दही खाल्लंस म्हणून तिला सर्दी झाली नाही. पोटभर जेव. सर्दी विषाणूने होते, आणि तुझ्या घरात बालवाडीत जाणारा मोठा मुलगा आहे हे तूच लिहिलंयस. चोर सापडला! त्याला घरी आल्यावर हात धुवायला लाव आणि पापी पायांची घ्यायला सांग.

आता सासूबाईंचे उपाय. त्या मायेनेच सांगताहेत, माझ्याही सांगायच्या. पण यातल्या काही गोष्टींवर मी हटून बसेन.

मध नाही. चाटण म्हणून नाही, गुटी उगाळताना नाही, बोटाला लावूनही नाही. एक वर्षाच्या आत मध म्हणजे नाहीच. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. आपल्या पोटात त्यांचं काही चालत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. बाळाला शी होत नाही, रडण्याचा आवाज बारीक होतो, अंग लुळं पडतं. घरी उकळल्याने ते बीजाणू मरत नाहीत. 'आम्ही सगळ्यांना दिला, काही झालं नाही' हे मीही ऐकलंय. होतं क्वचितच, पण झालं तर बाळ आयसीयूत जातं.

धुरी नाही. ओवा-शेपा-धूप निखाऱ्यावर टाकून बाळाला वरून फिरवायचं, घरभर छान वास, बाळंतिणीची खोली वाटते खरी. पण सुजलेल्या नाकाला धूर म्हणजे तिखट लावल्यासारखंच. नाकात तेल-तूप सोडायचं नाही, ते फुफ्फुसात उतरू शकतं. कापूर नाकाशी, उशीशी, तेलात घालून छातीला, कुठेच नको. लहान मुलांना कापराने आकडी येते. चोळायचा बामही दोन वर्षांच्या आत नाही. गरम पाण्याच्या पातेल्यावर बाळाला धरून वाफ तर अजिबात नको, भाजल्याच्या गोष्टी फार ऐकल्यात.

वेखंड? उगाळून पोटात नको. टाळूला चिमूटभर लावायचा सासूबाईंचा आग्रह असेल तर पूड उडून नाकात जाणार नाही एवढं बघ आणि वाद वाढवू नकोस. ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकून, आपल्या मनगटाला लावून कोमट असल्याची खात्री करून छातीला फिरवली तर मी हरकत घेणार नाही. त्याने सर्दी जात नाही, पण आजीच्या हाताला काम मिळतं आणि बाळाला कुशीत ऊब मिळते. नंतर पुरचुंडी पाळण्यात ठेवायची नाही, एवढंच. आजींना खरं काम द्यायचं तर नाक साफ झाल्यावर बाळाला अर्धा तास खांद्यावर उभं घेऊन फिरायला सांग. त्यात त्यांचा हात कोण धरणार!

शेजारणीने दिलेलं सिरप मात्र कपाटातून काढून टाक. 'माझ्या मुलाला याच्याने रात्रभर झोप लागली' म्हणते ना ती, ती झोप औषधातल्या गुंगीची. सर्दी-खोकल्याच्या सिरपने तान्ह्या बाळांची सर्दी एक दिवसही लवकर बरी होत नाही. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असं आपल्याकडच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच सांगितलं आहे. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, मुलांच्या किडन्या बंद पडून वीसहून अधिक लेकरं गेली. त्यानंतर दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहूच नयेत, अशी सूचना केंद्राने काढली. आणि हो, शेंबूड पिवळा-हिरवा झाला की लगेच अँटिबायोटिक मागायला धावू नकोस. साध्या सर्दीतही चौथ्या-पाचव्या दिवशी रंग बदलतोच.

पॅरासिटामॉल सर्दीचं औषध नाही, तापाचं आहे. घरात ठेवलं असशील तर एक लक्षात ठेव: ड्रॉप्समध्ये साधारणपणे १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, आणि साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५. म्हणजे सिरपचं माप ड्रॉप्सच्या बाटलीतून दिलं तर चौपट डोस गेला. किती द्यायचं ते डॉक्टर वजनावरून सांगतील, तेव्हा बाटलीचं नावही त्यांना सांग.

तुझ्या नवऱ्याचा प्रश्न अ‍ॅलर्जीचा. एवढ्या लहान वयात परागकण-धुळीची खरी अ‍ॅलर्जी सहसा नसते, शरीराला त्या गोष्टीची ओळख होऊन बिनसायला वेळ लागतो. त्यामुळे नाक वाहतंय म्हणून साडेतीन महिन्यांच्या मुलीचं रक्त काढून टेस्ट करू नका. नाकाला नुसता त्रास होणं मात्र शक्य आहे. नणंदेच्या मुलाला दर संध्याकाळी सातनंतर शिंका सुरू व्हायच्या. सगळे म्हणत थंडी बाधते. नणंद एकदा आमच्याकडे आठ दिवस राहिली तर शिंका गायब! त्यांच्याकडे दिवेलागणीला उदबत्ती, मग डासांची कॉइल, दोन्ही बंद खोलीत. कॉइल जाऊन मच्छरदाणी आली आणि प्रश्न संपला. तूही चार दिवस करून बघ: कॉइल, उदबत्ती, अत्तर, पावडर बंद. माळ्यावरून काढलेली गोधडी उन्हात टाकल्याशिवाय वापरू नकोस. डांबराच्या गोळ्यांतले कपडे तर बाळाला थेट घालूच नकोस, काही बाळांना त्या वासाने कावीळ होते, तांबड्या पेशी फुटतात. बाळाला उशी लावायची नाही, घुरघुर असली तरी पाठीवर, सपाट. टोपी-स्वेटर-मोजे सगळं चढवून घामाघूम करू नकोस.

आता बाळाकडे बघायचं काय, ते सांगते. आमची मोठी सात महिन्यांची असताना अशीच सर्दी होती. चार दिवस नाक, पाचव्या रात्री मला उगाच वाटलं की पोट जरा जास्तच हलतंय. झबलं वर केलं, मोबाइलवर एक मिनिट लावलं आणि मोजलं. पोट वर गेलं, खाली आलं, तो एक. अठ्ठावन्न. पुन्हा मोजलं, सत्तावन्न. आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खाली खड्डा. ताप शंभरही नव्हता. त्याच रात्री ॲडमिट केलं, फुफ्फुसातल्या बारीक नळ्या सुजल्या होत्या, ब्राँकिओलायटिस. दोन दिवस ऑक्सिजन, नाकातून नळीने दूध, बाकी फारसं औषधही नाही. चौथ्या दिवशी घरी.

म्हणून सांगते, बाळ झोपलेलं किंवा शांत असताना पूर्ण एक मिनिट मोज. दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा जास्त भरले तर वाट बघायची नाही. (दोन महिन्यांच्या आतल्याला ६०.) छातीखाली खड्डा, नाकपुड्या फेंदारणं, कण्हणं, ओठ निळसर, दूध निम्म्याहून कमी, आठ तास लंगोट कोरडा, हलवूनही सुस्त, यातलं एकही दिसलं तर रात्रीचे दोन असोत, निघ. गाडी नसेल तर १०८. तापाचा नियम असा की तीन महिन्यांच्या आत १००.४ फॅरनहाइट म्हणजे लगेच डॉक्टर. तुझी लेक जेमतेम त्यापुढे आहे, मी तिलाही तोच लावला असता.

यातलं काही नसेल तर आठ-दहा दिवसांत ओसरेल, खोकला मागे रेंगाळेल. पुन्हा येईलही. पहिल्या दोन वर्षांत वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होते मुलांना, तेव्हा प्रतिकारशक्ती कमी आहे म्हणून टॉनिक शोधत बसू नकोस.

शेवटी तू विचारलंयस की गुरुवारी चौदा आठवड्यांची लस राहिली आहे, सर्दीत द्यावी का. ताप नाही, खेळतेय, पितेय, तर दे. त्यात पेंटाव्हॅलंट ही पाच आजारांवरची लस आहे, म्हणजे डांग्या खोकल्याची लस आली, आणि न्यूमोनियाची पीसीव्हीही त्याच दिवशी असते. सर्दीसाठी या दोन पुढे ढकलणं म्हणजे उलटाच कारभार. तिथल्या सिस्टरना सर्दी आहे एवढं आधी सांग, आणि गुरुवारी सकाळी निघण्याआधी एकदा श्वास मोजून इथे लिही.