माणसांशी बोलायला आवडतं म्हणून एमएमएसला एचआर घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात राहता, बीएमएसच्या शेवटच्या वर्षाला आहात, फायनान्स झेपत नाही, माणसांशी बोलायला आवडतं, तर एमएमएसला (मुंबई विद्यापीठाचा एमबीएसारखा अभ्यासक्रम) एचआर, म्हणजे मनुष्यबळ व्यवस्थापन, घ्यावं का, आणि ठाणे-नवी मुंबईतच केलं तर चालेल का?

घ्या. फक्त फायनान्समधून सुटका म्हणून घेऊ नका, कारण ती होणार नाही.

मी रबाळे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या एचआर खात्यात सुरुवात केली आणि आता ऐरोलीत आयटीमध्ये आहे. माणसांशी बोलणं दोन्हीकडे भरपूर. पण माणसं एचआरच्या टेबलाशी येतात ती बहुतेक वेळा हिशेब विचारायला. "मॅडम, पीएफ जास्त का कापला?" "ओव्हरटाइमचे तास कमी कसे लागले?" "राजीनामा दिलाय, फुल अँड फायनल (नोकरी सोडतानाचा शेवटचा हिशेब) कधी मिळणार?" तिथे गोड बोलून भागत नाही. प्लांटवरचा जुना ऑपरेटर वर्षानुवर्षं स्वतःची पगाराची स्लिप वाचत आलेला असतो. नव्या मॅडमना किती कळतं, हे तो दोन मिनिटांत ओळखतो आणि मग पुढच्या वेळी सरळ युनियनच्या माणसाला घेऊनच येतो.

त्यात सध्या सगळे नियम नव्याने शिकायची वेळ आली आहे. 29 केंद्रीय कामगार कायदे गुंडाळून चार संहिता केल्या गेल्या आणि त्या 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. त्यातली एकच गोष्ट बघा. एखाद्याचा महिन्याचा पगार 40,000, त्यात बेसिक 14,000 आणि बाकीचे 26,000 वेगवेगळे भत्ते. भत्ते निम्म्याहून जास्त झाले, तर वरचे 6,000 'वेतना'त धरायचे, म्हणजे वेतन झालं 20,000. ग्रॅच्युइटी (नोकरीच्या दर वर्षामागे मोजून शेवटी मिळणारी रक्कम) काढताना या वेतनाला 26 ने भागून 15 ने गुणायचं. जुन्या बेसिकवर वर्षाला साधारण 8,077 रुपये निघत होते, आता 11,538 निघतात. एका माणसामागे एवढा फरक, तर हजार माणसांच्या कंपनीचं काय होत असेल? फुल अँड फायनलचंही तसंच. आरामात महिना-दीड महिना लावणाऱ्या कंपन्यांना आता शेवटचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. हे ज्याला नीट समजावता येतं, त्याचं व्यवस्थापनही ऐकतं आणि कामगारही.

गणित यात आठवी-नववीच्या पलीकडचं नाही, हे लक्षात आलं असेलच. तुम्हाला जे झेपत नाही ते बहुधा शिकवण्याची पद्धत असावी. तसंही त्यातून सुटका नाही: एमएमएसच्या प्रवेश परीक्षेच्या, म्हणजे सीईटीच्या, 200 प्रश्नांपैकी 50 गणिताचे असतात, आणि एमएमएसचं पहिलं वर्ष सगळ्यांना सारखंच, अकाउंट्स आणि स्टॅटिस्टिक्ससकट. एचआर येतं दुसऱ्या वर्षी. (सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका.)

आता कॉलेज. ठाण्यात बेडेकर इन्स्टिट्यूट, नेरुळला एसआयईएस, असे पर्याय घराजवळ आहेत आणि रोज दादरची गर्दी टाळता येणं ही लहान गोष्ट नव्हे. पण माहितीपुस्तिकेतल्या सगळ्यात मोठ्या पॅकेजच्या आकड्याला भुलू नका. तो बहुतेक मार्केटिंग नाहीतर फायनान्सच्या मुलाचा असतो. मागच्या बॅचच्या एचआरवाल्या दोघा-तिघांना लिंक्डइनवर गाठून विचारा, पहिल्या नोकरीत नेमकं काय करत होता? उत्तर 'रिक्रूटमेंट' आलं तर पुढे विचारा, कंपनीत की कन्सल्टन्सीत? कन्सल्टन्सीत म्हणजे बऱ्याचदा दिवसभर फोन, नौकरी डॉट कॉमवर रेझ्युमे शोधणं आणि महिन्याचं टार्गेट. ते वाईट काम नाही, पण त्यासाठी दोन वर्षं आणि एवढी फी? माझ्या मते नाही.

देवनारचं टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस तुमच्या यादीत नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. 1936 पासूनची संस्था, एचआर आणि कामगार संबंधांच्या अभ्यासक्रमाला देशभरात मान, आणि वाशीहून हार्बरने मानखुर्दनंतर गोवंडीला उतरलं की पोचलात. प्रवेश कठीण आहे, पण प्रयत्न तरी करा. दुसरी, जिच्याबद्दल कुणी फारसं सांगत नाही, ती परळची महाराष्ट्र शासनाची नारायण मेघाजी लोखंडे श्रम संस्था. ज्यांच्या लढ्यामुळे 10 जून 1890 ला गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, तेच हे लोखंडे. कॅम्पस चकचकीत नाही, पण कारखान्यातल्या कामगार कल्याण अधिकाऱ्याच्या वाटेला जायचं असेल तर तिथे जरूर चौकशी करा. नव्या संहितेप्रमाणे 250 कामगार असलेल्या कारखान्यालाही असा अधिकारी नेमावा लागतो. पूर्वी हा आकडा 500 होता.

तुम्ही राहता त्या भागाचा खरा फायदा मात्र इंटर्नशिपला आहे. ट्रान्स हार्बर रेल्वेच्या एका बाजूला ऐरोली, घणसोलीची आयटी पार्कं, दुसऱ्या बाजूला रबाळे, महापे, तुर्भ्याचे कारखाने, पुढे तळोजा. वर्गातली मुलं समर इंटर्नशिपला एसी ऑफिस शोधतात. तुम्ही प्लांट शोधा. ठेकेदाराचं मस्टर (हजेरीपट) कसं तपासतात, त्याने पीएफ भरला नाही तर मूळ कंपनीच्या गळ्यात काय येतं, पगारवाढीचा करार करताना युनियनच्या मागणीपत्रातली कुठली मागणी खरी आणि कुठली सोडून देण्यासाठीच घातलेली, हे पुस्तकात सापडत नाही. वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, एक फेरी मारली तर हमालांसाठीचा 1969 चा माथाडी कायदाही डोळ्यांसमोर चालताना दिसेल: व्यापारी मजुरी आणि लेव्ही (मजुरीवरची जादा आकारणी) माथाडी मंडळात भरतो आणि कामगाराला पैसे मंडळाकडून मिळतात. प्लांटवर मुलींना घेत नाहीत असं कुणी सांगेल. मला घेतलं होतं. सेफ्टी शूज मात्र पुरुषांच्या मापाचे मिळाले, ते स्वतःचे घेऊन जा.

घरून लगेच कमवायचा आग्रह असेल, तर आधी एखाद्या पेरोल कंपनीत वर्षभर काम करून मग सीईटी दिली तरी बिघडत नाही. मुलाखतीत त्या वर्षाचं वजन पडतं.