अण्वस्त्रं नकोत, तर अणुतंत्रज्ञानच बंद का करत नाहीत?

तुम्ही विचारलंय की वीज आणि औषधांच्या नावाखाली शेवटी बॉम्बच होणार असतील, तर सगळ्या देशांनी हा अणूचा उद्योग कायमचा का थांबवू नये.

मी शास्त्रज्ञ नाही. वाशीच्या मसाला मार्केटमधल्या एका गाळ्यावर मी हिशेब सांभाळतो. पण आमची मिरचीपूड वाशीतल्याच ब्रिटच्या, म्हणजे सरकारी विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाच्या, विकिरण केंद्रात जाते, त्यामुळे या विषयाशी रोजचा संबंध आहे. खोक्यावर एक पिवळी टिकली लावतात. जाड काँक्रीटच्या भिंतींआडून खोकं फिरून आलं की ती लाल झालेली असते. आत कोबाल्ट-६० असतं. त्याच्या गॅमा किरणांनी जंतू आणि किडे मरतात, मिरची मात्र किरणोत्सारी होत नाही. आणि या कोबाल्टचा अणुबॉम्ब कुणालाही करता येत नाही.

बॉम्बला लागतं अणुभट्टीत युरेनियमपासून तयार होणारं प्लुटोनियम किंवा भरपूर समृद्ध केलेलं युरेनियम, म्हणजे ज्यात यू-२३५ हा सहज फुटणारा प्रकार वाढवलेला असतो. निसर्गातल्या युरेनियममध्ये यू-२३५ जेमतेम ०.७ टक्के. वीज बनवणाऱ्या बऱ्याच अणुभट्ट्यांना ३ ते ५ टक्के पुरतं, बॉम्बसाठी ते ९० टक्क्यांच्या आसपास नेतात. हे प्रमाण वाढवणारी सेंट्रिफ्यूज यंत्रं दोन्हीकडे तीच, खरी मेख इथे आहे. म्हणून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था हिशेब ठेवते: ८ किलो प्लुटोनियम किंवा समृद्ध युरेनियममधलं २५ किलो यू-२३५ कमी भरलं, तर बॉम्बची शक्यता धरूनच चालायचं. त्यासाठी सील, कॅमेरे, न सांगता येणारे तपासनीस. मला हे लगेच समजतं. आवक, जावक, शिल्लक. वहीतली आणि गुदामातली शिल्लक जुळली नाही, तर मीही गोणी न् गोणी पुन्हा मोजतो.

आपल्या देशाबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला सायरस ही अणुभट्टी होती. कॅनडाने ती शांततेच्या कामासाठी दिली होती, आणि १९७४ च्या पोखरण स्फोटातलं प्लुटोनियम तिच्यातूनच आलं. त्यानंतर अणुपुरवठादार देशांनी गट करून निर्यातीचे नियम आवळले, आणि त्याची झळ आपल्या वीजप्रकल्पांनाही बसली. २००८ मध्ये त्या गटाने आपल्याला या नियमांतून सवलत दिली, तिच्यासाठी आपण विजेच्या १४ अणुभट्ट्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या देखरेखीखाली आणायचं मान्य केलं आणि आणल्याही. वीज बनवणारी प्रत्येक भट्टी तशी यावी, असं मला मनापासून वाटतं.

आता तुमच्या 'बंद करा'बद्दल. यंत्र थांबवलं म्हणून आतला माल नाहीसा होत नाही. दिल्लीच्या मायापुरीत २०१० साली भंगारात आलेल्या कोबाल्टने एका कामगाराचा जीव गेला. ज्या उपकरणातून ते आलं, ते कुणी वापरत नव्हतं. १९८५ पासून बंदच पडून होतं.