चिप एक, विद्या दोन

प्रश्न : माझं कराडला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मुलगा इ अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) तिसऱ्या वर्षाला आहे. पॉवर आणि आवाज एकाच आयसीत असलेल्या एका जुन्या फोनवर तो आठवडाभर बसला होता. आता म्हणतो, अशाच चिप डिझाइन करायच्या. कोडिंगचा क्लासही सोडला. एवढ्याशा गोष्टीत करिअर होतं का?

नमस्कार. गोष्ट एवढीशी नाही, हे तुम्हाला काउंटरवरच कळलं असेल. ‘गाणं लावलं की हेडफोनमध्ये कुंई करतं,’ अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक येतं, ती याच चिपमधली भांडणं.

भरलेली बॅटरी ४.२ व्होल्टची, प्रोसेसरला हवे सव्वाएक. साध्या रेग्युलेटरने उतरवलं तर दोन तृतीयांशाहून जास्त वीज उष्णतेत जाते. म्हणून स्विचिंग करतात, म्हणजे वीज झटपट चालू-बंद करतात, सेकंदाला वीसेक लाख वेळा. ते कानाला ऐकू येत नाही. पण स्क्रीन बंद, नुसतं गाणं चालू, लोड कमी. मग बॅटरी वाचवायला चिप मधले ठोके गाळते आणि वेग थेट २० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झच्या टापूत उतरू शकतो. तिथे कान बसलेलाच आहे, आणि हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर त्याच सिलिकॉनवर, शेजारच्या खोलीत. मग ऑडिओला वेगळा शांत पुरवठा द्या, ग्राउंडच्या वाटा वेगळ्या काढा, चालू करताना ‘टप्’ होऊ नये म्हणून कोण आधी जागा होणार तो क्रम लावा. हे ज्याला जमतं त्याला काम मिळतं.

मात्र त्या एका चिपच्या प्रेमात पडू देऊ नका. एडिंबरोच्या वुल्फसन कंपनीचे ऑडिओ कोडेक, म्हणजे डिजिटल गाण्याचा आवाज करणाऱ्या चिप, सुरुवातीच्या आयपॉडमध्ये होते. पुढे त्यांनी डब्ल्यूएम८३५० या चिपमध्ये पॉवर आणि ऑडिओ एकत्र आणलं. २०१४ मध्ये सिरस लॉजिकने ती कंपनीच विकत घेतली. पॉवरच्या चिप करणारी डायलॉग कंपनी २०२१ मध्ये रेनेसासकडे गेली. पाट्या बदलल्या, सलग बदलणाऱ्या व्होल्टेजशी खेळायचं, म्हणजे अ‍ॅनालॉगचं काम राहिलं.

वाट लांबची आहे, हे स्पष्ट सांगतो. नुसत्या बी.टेक.वर थेट अ‍ॅनालॉग डिझाइनमध्ये शिरकाव अवघड. गेट ही प्रवेश परीक्षा देऊन मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स किंवा व्हीएलएसआय (चिप डिझाइन) मध्ये एम.टेक. करावं, नाहीतर चिप तपासण्याच्या, म्हणजे व्हॅलिडेशनच्या कामातून आत जावं. नोकऱ्या मुख्यतः बंगळुरू, हैदराबाद, नोएडाकडे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स बंगळुरूत १९८५ पासून आहे. घरापासून लांब राहायची तयारी आहे का, हे आईसमोर विचारा. तुम्ही एकटे विचारलंत तर तो ‘हो’च म्हणेल.

कोडिंगचा क्लास सोडला ते चुकलंच. या चिपची बहुतेक व्होल्टेजं रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपच्या आतल्या आकड्यांच्या कप्प्यात, लिहून ठरवतात, आणि व्हॅलिडेशनची मापं घ्यायला पायथन लागतंच. उद्याच परत पाठवा. सर्किट संगणकावर चालवून बघायचं एलटीस्पाइस फुकट आहे, एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर आयआयटीचे अ‍ॅनालॉगचे तास आहेत. तेही सुरू करू दे.

आणि त्या जुन्या फोनवर एक काम द्या. कॉलेजचा ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) घेऊन पॉवर आयसीजवळच्या कॉइलनंतरच्या कपॅसिटरवर प्रोब लावायचा. ग्राउंडची लांब क्लिप काढून तिथे आखूड तारेचं वेटोळं वापरायचं, नाहीतर क्लिपच अँटेनासारखी गोंगाट उचलते. गाणं चालू ठेवून आधी स्क्रीन चालू ठेवून, मग बंद करून, दोन्ही लहरी वहीत काढायच्या. पानांचा फोटो मला पाठवा, एम.टेक.चं पुढे बोलू.