कॉइल बदलण्यापूर्वी 16 व्होल्ट कुठे जातात ते पाहा

आपण कळवल्याप्रमाणे, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आपल्या जुन्या घरात 15 लिटरच्या, 2000 वॉटच्या गिझरला पाणी तापवायला फार वेळ लागतो, म्हणून आपण मापे घेतली. गिझर बंद असताना सॉकेटवर 221 व्होल्ट आणि चालू असताना 205 व्होल्ट व 7.75 अँपिअर मिळाले. 221 ला 7.75 ने भागून आपण कॉइलचा रोध (रेझिस्टन्स) 28.5 ओहम आणि गुणून शक्ती 1713 वॉट काढली, आणि कॉइल खराब झाली असावी, असा निष्कर्ष काढला. गणित बरोबर आहे, पण त्यात घेतलेले व्होल्टेज चुकीच्या वेळेचे आहे. ओहमच्या नियमात व्होल्टेज आणि करंट एकाच वस्तूचे व एकाच क्षणाचे असावे लागतात, म्हणून येथे 205 व्होल्टच घेतले पाहिजेत.

205 भागिले 7.75 म्हणजे 26.45 ओहम. गिझरच्या पाटीवर 230 व्होल्टला 2000 वॉट लिहिले आहे. 230 च्या वर्गाला 2000 ने भागले तरी 26.45 ओहमच येतात. म्हणजे आपली कॉइल उत्तम आहे. (कॉइल ज्याची असते त्या नायक्रोम या मिश्रधातूचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही, म्हणून हा पडताळा चालतो, टंगस्टनच्या बल्बचा थंड रोध पेटलेल्या बल्बच्या रोधाच्या एक दशांशाहूनही कमी भरतो, त्यामुळे तेथे तो चालत नाही.) खरी शक्ती 205 गुणिले 7.75, म्हणजे सुमारे 1589 वॉट. व्होल्टेज 11 टक्के कमी आहे, पण शक्ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्यामुळे ती 20 टक्क्यांहून अधिक उतरली. थंडीत 12 अंशांचे 15 लिटर पाणी 47 अंशांपर्यंत नेण्यास 2000 वॉटवर साधारण 18 मिनिटे लागतात, 1589 वॉटवर 23.

मला काळजी वाटते ती 221 आणि 205 यांमधल्या 16 व्होल्टची. 16 भागिले 7.75 म्हणजे सुमारे 2 ओहम रोध वाटेत कुठेतरी आहे आणि तेथे 124 वॉट उष्णता निर्माण होत आहे. 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला सुमारे 7.4 ओहम असतो. विजेचा मीटर सॉकेटपासून 15 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन 30 मीटर वायरचा रोध 0.22 ओहम होतो आणि तिच्यात दोन व्होल्टसुद्धा जात नाहीत. वायर जुनी ॲल्युमिनियमची असली, तरी तेवढ्याच जाडीला हा आकडा 0.36 ओहमच्या पुढे जात नाही. तेव्हा दोष एखाद्या ढिल्या जोडात आहे, किंवा बाहेरच्या लाइनमध्ये. ही सारी उष्णता एका स्क्रूखाली एकवटली तर आवरण जळू लागते, आणि 7.75 अँपिअरवर 16 अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाल्यास आपोआप वीज तोडणारा स्विच) पडत नाही, कारण त्याच्या दृष्टीने करंट नेहमीचाच असतो.

हे शोधण्यासाठी चालू वायरिंगवर मापे घ्यावी लागतात, म्हणून ते काम अनुभवी वायरमनकडून करून घ्यावे. गिझर चालू असताना मीटरजवळच्या मेन स्विचवर, मग वितरण बोर्डावर आणि शेवटी सॉकेटवर व्होल्टेज मोजायला सांगा. मीटरजवळच ते 206-207 पर्यंत उतरत असेल तर वीज कंपनीकडे तक्रार नोंदवावी. तेथे 220 च्या आसपास टिकून पुढे घसरत असेल तर दोष घरातच आहे, आणि ज्या दोन मापांच्या मध्ये तो आकडा एकदम पडतो तेथील प्रत्येक टर्मिनल वीज बंद करून उघडून पाहावे. तोपर्यंत गिझर वापरू नये.