सलाईन गरम ठेवणारी स्वस्त, हातात नेता येणारी पेटी कशी बनवावी?

तुम्ही विचारले आहे की, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी सलाईनच्या पिशव्या रुग्णवाहिकेत गरम करणारे यंत्र दोन हजार रुपयांत बनवायचे असेल, तर एक हीटिंग पॅड, एक आर्डुइनो (प्रोग्रामवर चालणारा छोटा नियंत्रक बोर्ड) आणि बारा व्होल्टची लहान बॅटरी एवढ्यावर भागेल का. भागणार नाही.

सलाईन या हिशेबापुरते पाणीच आहे आणि एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल ऊर्जा लागते. थंडीच्या पहाटे १२ अंशांवर असलेले एक लिटर सलाईन ३८ अंशांवर न्यायचे तर जवळजवळ ११० किलोज्यूल हवेत. यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर ३०० किलोज्यूल देते, परंतु लेड-ॲसिड बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली की ती लवकर निकामी होते, म्हणून हाती १५० धरावेत आणि त्यातूनही बाहेर जाणारी उष्णता वजा करावी. याचा अर्थ, एका लिटरमध्ये तुमची बॅटरी संपली. शिवाय ४० वॅटच्या पॅडला ते एक लिटर तापवायला पाऊण तासाहून अधिक वेळ लागेल, आणि ज्या रुग्णाला गरम सलाईनची खरी गरज असते त्याच्यापाशी पाऊण तास नसतो. म्हणून तापवण्याचे काम रुग्णालयातल्या विजेवर आधीच करून ठेवावे आणि बॅटरीकडे केवळ ते तापमान राखण्याचे काम द्यावे, हे माझे तुम्हाला पहिले सांगणे आहे.

मी अनेक वर्षे ग्रामीण भागातल्या सरकारी रुग्णालयांत उपकरणांच्या देखभालीचे काम केले आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका उपजिल्हा रुग्णालयात जानेवारीतल्या एका पहाटे, वरच्या पाड्यावर घरीच बाळंत झालेल्या एका बाईला जीपमधून आणण्यात आले. वार पडली होती, पण रक्त थांबत नव्हते. लेबर रूममधले सक्शन मशीन बंद पडल्यामुळे मला बोलावले होते आणि म्हणून मी तिथे होतो. दोन्ही हातांना मोठ्या सुया लावून रिंगर लॅक्टेट या सलाईनच्याच जातीच्या द्रावणाच्या बाटल्या एकामागून एक पूर्ण वेगाने सोडल्या जात होत्या. त्या बाटल्या रात्रभर पत्र्याच्या छपराच्या भांडारात पडून होत्या; त्यांतल्या एकीत माझ्याजवळचा थर्मामीटर घातला, तर ११ अंश दिसले. थोड्याच वेळात त्या बाईला अशी हुडहुडी भरली की टेबल हलू लागले आणि सिस्टरना तिचा हात धरून ठेवावा लागला. भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी गरम सलाईन मागितले. सिस्टरनी जे हाताशी होते ते केले, म्हणजे गरम पाण्याच्या बादलीत बाटल्या बुडवल्या. डॉक्टरांनी त्या वापरू दिल्या नाहीत, कारण बाहेरून चटका देणारी बाटली आतून किती अंशांवर आहे हे कोणालाच सांगता येत नव्हते आणि जिथे सेटचे, म्हणजे सलाईनच्या नळीचे, टोक खुपसायचे तो रबराचा भाग बादलीतल्या पाण्याने ओला झाला होता. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी तिला रक्त मिळाले आणि ती वाचली. परंतु घाट उतरेपर्यंत तिला गारच सलाईन द्यावे लागले, आणि रुग्णवाहिकेत तिच्या अंगावर टाकायला दोन घोंगड्यांखेरीज आमच्याजवळ काही नव्हते.

त्यानंतर खरेदी समितीच्या बैठकीत मी सलाईन गरम करणाऱ्या उपकरणाची मागणी मांडली. एका वरिष्ठ अधिकाऱ्याने ती एका वाक्यात बाजूला सारली: “आपल्याकडच्या बाया इतकी वर्षे गार सलाईनवरच बऱ्या झाल्या आहेत, ही मोठ्या शहरांतली चैन आहे.” विषय लगेच पुढे गेला. त्या अधिकाऱ्यांना जे सांगायचे माझ्याकडून तिथे राहून गेले ते मी इथे सांगतो, कारण तुमच्या प्रकल्पाला हाच आक्षेप घेतला जाणार आहे.

मानवी शरीराची उष्णताधारकता किलोमागे दर अंशाला सुमारे ३.५ किलोज्यूल असते. ती बाई ४५ किलोंची धरली, तर तिचे अख्खे शरीर एक अंशाने थंड होण्यासाठी १६० किलोज्यूलच्या आसपास उष्णता जावी लागते. ११ अंशांचे तीन लिटर सलाईन ३७ अंशांवर आणायला सव्वातीनशे किलोज्यूल लागतात, आणि हीटर नसेल तेव्हा ते त्या बाईच्या शरीरातून येतात. म्हणजे केवळ सलाईनमुळे दोन अंश गेले. पस्तीस अंशांखाली शरीर गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात; ३७ मधून दोन वजा केले की आपण नेमके त्या रेषेवर येऊन उभे राहतो, आणि उघड्या जीपमधून आलेल्या, रक्त गमावलेल्या बाईचे शरीर मुळात ३७ वर नसतेच. शरीर थंड झाले की रक्त गोठवणारी विकरे (एन्झाइम) मंदावतात आणि प्लेटलेट नीट चिकटत नाहीत, त्यामुळे रक्तस्राव वाढतो, त्यासाठी आणखी सलाईन द्यावे लागते आणि ते पुन्हा गार असते. हुडहुडीने प्राणवायूची गरज वाढते, तीही अशा वेळी जेव्हा तो वाहून नेणारे रक्तच कमी उरलेले असते. याला चैन म्हणणाऱ्या माणसाने हा हिशेब एकदा कागदावर करून पाहायला हवा होता. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००८ सालीच शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठी लिहून ठेवले आहे की, ५०० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक द्रव द्यायचा असेल तर तो ३७ अंशांपर्यंत गरम करून द्यावा.

आता पेटीकडे वळू. तुम्ही पिशव्या म्हणता, परंतु आपल्याकडच्या बहुतेक सरकारी रुग्णालयांत सलाईन पॉलिथिनच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्यांतून येते. परदेशी चित्रांत दिसणारा चपटा, पिशवीभोवती गुंडाळायचा पॅड त्या बाटलीला धड टेकत नाही. जिथे टेकतो तिथे प्लास्टिक अतिशय तापते आणि मधले पाणी गार राहते. यासाठी पाच सेंटिमीटर जाड थर्मोकोलची, पाच बाटल्या (चार रुग्णासाठी, एक तापमान मोजण्यासाठी) उभ्या राहतील एवढी पेटी घ्यावी, आत एका बाजूला ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ५०-६० वॅटचा सिलिकॉन पॅड बसवावा आणि संगणकातला १२ व्होल्टचा छोटा पंखा लावून आतली हवा खेळती ठेवावी. पाणी वापरू नये. भांडारातून आलेल्या गार बाटल्या तापायला दोन-तीन तास लागतील, पण ते काम रात्रपाळीत विजेवर होऊन जाते. एकदा चार बाटल्या ३९ अंशांवर पोहोचल्या की त्या दोन लिटर पाण्यातच तुमच्या बॅटरीतून हाती येते त्याहून अधिक उष्णता साठलेली असते. बाहेर १४ अंश असले तरी अशा पेटीतून साधारण आठ-दहा वॅटच गळतात, म्हणून तीच लहान बॅटरी आता घाटातल्या तीन-चार तासांच्या प्रवासाला पुरते.

तापमान मोजण्यासाठी डीएस-१८बी२० हा पोलादी नळीतला सेन्सर चांगला आहे. त्याची अचूकता अर्ध्या अंशाची आहे. मात्र तो पेटीच्या भिंतीवर लावू नका. तशाच एका रिकाम्या सलाईनच्या बाटलीत पाणी भरून सेन्सर तिच्यात मधोमध सोडा आणि ती पाचवी बाटली पेटीत कायमची ठेवा, म्हणजे तुम्हाला हवेचे नव्हे तर द्रवाचे तापमान कळेल. आर्डुइनो ३९ अंशांवर हीटर बंद करील, पण त्याच्यावर एकट्यावर विसंबू नये. हीटरच्या वायरमध्ये ४५ अंशांना उघडणारा केएसडी-३०१ जातीचा कट-आउट आणि पॅडलगत एक थर्मल फ्यूज असे दोन स्वतंत्र अडसर हवेतच, कारण हीटर चालू-बंद करणारा रिले चिकटला की प्रोग्राम काही करू शकत नाही. मोबाइलचे ॲप जोडू नका. त्या पहाटे मोबाइल पाहायला कोणाचेच हात मोकळे नव्हते. हिरवा दिवा, तांबडा दिवा आणि मोठ्या अक्षरांत अंश एवढे पुरे. वीजच नसेल तिथे सोडियम ॲसिटेटच्या उष्ण-पिशव्या उपयोगी पडतात. ५८ अंशांना वितळणारा हा क्षार घट्ट होताना किलोमागे अडीचशेहून अधिक किलोज्यूल सोडतो आणि उकळत्या पाण्यात ठेवला की पुन्हा तयार होतो, फक्त त्याच्या आणि बाटलीच्या मध्ये जाड कापड ठेवावे लागते.

एक गोष्ट बहुतेक प्रकल्पांत कोणी पाहत नाही, ती म्हणजे नळी. बाटली ३९ अंशांची असली तरी दीड मीटर लांबीच्या सेटमधून तासाला १०० मिलिलिटर अशा संथ गतीने द्रव गेला, तर थंड खोलीत सुईपाशी तो अठरा-एकोणीस अंशांवर येतो. पूर्ण उघडलेल्या सेटमधून तो केवळ एक-दोन अंश गमावतो. म्हणून संथ ड्रिपसाठी ही पेटी निरुपयोगी आहे, आणि प्रौढ रुग्णाला त्या गतीने गरम सलाईनची सहसा गरजही नसते, कारण तासाभरात जाणारी उष्णता शरीर सहज भरून काढते. साध्या जुलाबासाठी एक बाटली लावणाऱ्याला गार सलाईनने काही होत नाही, इतपत त्या अधिकाऱ्याचे म्हणणे मला मान्य आहे.

काही इशारे द्यायलाच हवेत. रक्ताची पिशवी या पेटीत कधीही ठेवू नये. रक्त ४२ अंशांच्या वर गेले तर पेशी फुटतात आणि त्यासाठी वेगळे, प्रमाणित उपकरण लागते. औषध मिसळलेली बाटली, विशेषतः गर्भाशय आकुंचित करणारे ऑक्सिटोसिन घातलेली, तापवू नये. एकदा गरम केलेली बाटली थंड झाल्यावर पुन्हा गरम करून वापरू नये. तिच्यावर तारीख आणि वेळ लिहावी. गरम बाटली शुद्धीवर नसलेल्या रुग्णाच्या अंगाला लावून ठेवू नये, अशाने खोल भाजल्याच्या घटना घडलेल्या आहेत. नळीतला द्रव थेट ॲल्युमिनियमवरून नेणारी रचना तुम्ही करू नका. २०१९ साली एका परदेशी कंपनीला अशाच उपकरणाचे भाग परत मागवावे लागले, कारण धातू द्रवात उतरत होता. विजेच्या बाजूला तयार १२ व्होल्टचा ॲडॅप्टर वापरा, २३० व्होल्ट पेटीच्या आत आणू नका. आणि हे सर्व प्रयोगशाळेपुरते आहे: रुग्णाजवळ न्यायचे तर वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ प्रमाणे परवाना आणि आयईसी ६०६०१-१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार विद्युत सुरक्षेची चाचणी लागते. गरम सलाईन हा रक्ताचा, ऑक्सिटोसिनचा किंवा प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत द्यायच्या, रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्झामिक ॲसिडचा पर्यायही नव्हे.

प्रकल्पाच्या सादरीकरणात बाटलीचे तापमान दाखवू नका. स्टँडवर बाटली लावा, खाली सुईच्या टोकाशी सेन्सर धरा आणि सेट पूर्ण उघडून परीक्षकांच्या समोर आकडा वाचून दाखवा. त्यांच्यापैकी कोणी म्हणाले की आपल्याकडे याची गरज नाही, तर त्यांच्या हाती कागद द्या आणि ४५ किलो वजन, तीन लिटर सलाईन, ११ अंश एवढे आकडे सांगून उत्तर त्यांनाच काढायला लावा.