रिपोर्ट शेडचा, श्वास तुमचा

प्रश्न : मी शिरोलीतल्या एका फाउंड्रीत फेटलिंगला (ओतलेलं कास्टिंग घासून साफ करायच्या कामाला) आहे. मागच्या महिन्यात शेडच्या मधोमध स्टँडवर यंत्र ठेवून धूळ मोजली. रिपोर्ट ‘मर्यादेत’ आला. पण नाकातून रोज काळं निघतं, जिना चढताना दम लागतो. मग रिपोर्ट खोटा का?
– एक कामगार, कोल्हापूर

उत्तर : भाऊ, रिपोर्ट खोटा असेलच असं नाही, तो शेडचा आहे, तुमचा नाही. ग्राइंडर चालवताना तुमचं तोंड चाकापासून जेमतेम हातभर लांब असतं. कास्टिंगला चिकटलेली वाळू फुटते ती तिथंच. म्हणून धूळ मोजताना मी हवा ओढणारा पंप कायम कामगाराच्या पट्ट्याला लावत आले आणि फिल्टरची कॅसेट कॉलरला, नाकातोंडापासून 30 सेंटिमीटरच्या आत.

नाकात दिसतं ते काळं जाड धुळीचं. घात करते ती न दिसणारी, साधारण 4 मायक्रॉन आणि त्याहून बारीक. कॅसेटखालचं छोटं सायक्लोन जाड कण बाजूला पाडतं आणि बारीक तेवढे फिल्टरवर बसतात. नायलॉनच्या सायक्लोनमधून मिनिटाला 1.7 लिटर हवा ओढतात. आठ तासांत 816 लिटर. समजा, फिल्टरचं वजन अर्ध्या मिलिग्रॅमनं वाढलं, तर घनमीटरला 0.61 मिलिग्रॅम धूळ. किरकोळ वाटते ना? पण तिच्यात 20 टक्के क्वार्ट्झ (वाळूतला सिलिका) निघाला, तर 1948च्या कारखाना कायद्यात जे सूत्र होतं त्यानं (10 भागिले, क्वार्ट्झची टक्केवारी अधिक 2) मर्यादा येते 0.45. क्वार्ट्झ न तपासलेला रिपोर्ट मी अर्धवटच मानते.

एकदा शेजारी-शेजारी एकच काम करणाऱ्या दोघांपैकी एकाचा आकडा दुप्पट आला. दुसऱ्या दिवशी मी शिफ्टभर तिथंच उभी राहिले. तो जेवायच्या सुट्टीत कॉम्प्रेसरच्या हवेनं कपडे झटकत होता! हे तुम्ही करत असाल तर आजच थांबवा.

पंप तुमच्या अंगावर लावून मोजणी करा, अशी मागणी चौघांनी मिळून लेखी द्या. मोजणी नेहमीसारखं उत्पादन असेल त्या दिवशी, पूर्ण शिफ्टची हवी. चहाला जाताना पंप खिळ्याला अडकवू नका.

आणि दम लागतोय, तर आकड्याची वाट बघू नका. छातीच्या डॉक्टरांकडे जा, एक्स-रे आणि फुंकायची तपासणी करून घ्या. फाउंड्रीत किती वर्षं काढली ते त्यांना आधी सांगा; ते कळलं नाही तर सिलिकोसिसवर (सिलिकाच्या धुळीनं होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजारावर) टीबीचे उपचार सुरू होऊ शकतात.